गाढवीण, भिजलेला मका आणि चमचाभर दूध

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरकडच्या एका पशुपालकाकडे ११ गाढविणी आहेत. पावसात भिजलेला मका स्वस्तात मिळाला म्हणून पाच आठवडे त्याचा भरडा करून घातला, वर मूठ-दोन मूठ शेंगदाणा पेंड. चार दिवसांपूर्वी दोघींनी वैरण टाकली, म्हणजे खाणं सोडलं. तिसरी गोल गोल फिरायला लागली आणि काल संध्याकाळी बसली ती उठलीच नाही. बाकीच्या दुभत्या गाढविणी दिसायला ठीक आहेत. त्यांचं दूध तीन घरी तान्ह्या बाळांसाठी जातं, उरलेलं साबण करणाऱ्याकडे. विचारलं आहे की हे बुरशीमुळे झालं का, आणि दूध उकळून दिलं तर चालेल का.

दूध आजच बंद करा. उकळूनही देऊ नका. मक्याची आणि पेंडीची पोती आजच दावणीपासून लांब, कुलपात ठेवा. आणि जी गोल फिरत होती तिच्या तोंडात कोणीही हात घालू नका.

शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण त्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. गाढव गोल फिरतंय, लाळ गळतेय, खालचा ओठ लोंबतोय, भिंतीला डोकं दाबून उभं आहे, हे सगळं मक्याच्या बुरशीत दिसतं आणि हेच सगळं रेबीजमध्येही दिसतं. नुसतं बघून दोन्हींतला फरक मला २२ वर्षांच्या कामानंतरही छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यामुळे उलट सिद्ध होईपर्यंत रेबीज धरूनच चालायचं. "घशात काहीतरी अडकलंय" म्हणून घरातला माणूस हात घालून बघतो, तिथेच घात होतो. कोणाच्या हातावरच्या जखमेला लाळ लागली असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि आजच सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. त्या गाढविणीचं दूध गेल्या काही दिवसांत कोणी कच्चं प्यालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आता मक्याबद्दल. तुमच्या सांगण्यातल्या तीन गोष्टी बुरशीकडे बोट दाखवतात: मका भिजलेला होता, तो महिनाभर रोज पोटात गेला, आणि एकाच दावणीवरची तीन जनावरं चार दिवसांत बिघडली. भिजलेल्या मक्यावर फ्युजॅरियम नावाची बुरशी येते. पांढरट, कधी गुलाबीसर, दाण्याच्या टोकाकडून आत शिरणारी. ती फ्युमोनिसिन नावाचं विष तयार करते. घोडा, गाढव आणि खेचर या तिघांचा मेंदू या विषापुढे फार हळवा असतो. पेशींच्या आवरणाला लागणारे काही स्निग्ध घटक शरीर स्वतः बनवत असतं. हे विष ते काम मध्येच अडवतं, आणि मेंदूतला पांढरा भाग मऊ पडून विरघळायला लागतो.

हा आजार जुना आहे. १९०२ मध्ये अमेरिकेत एका पशुवैद्यकाने घोड्याला बुरशीचा मका मुद्दाम खाऊ घालून तो घडवून दाखवला होता. इजिप्तमध्ये गाढवं अशीच मरत होती. तिथल्या मक्यावरची बुरशी वेगळी काढून गाढवांना दिली तेव्हा तोच आजार उभा राहिला, आणि ते १९७१ मध्ये प्रसिद्ध झालं. विष नेमकं कोणतं हे मात्र १९८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलं. आपल्याकडचं उदाहरण माणसांचं आहे. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, कर्नाटक आणि आंध्रातल्या काही गावांत, पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. त्या धान्यात हेच फ्युमोनिसिन होतं.

गाढव किती हळवं असतं ते आकड्यांत बघा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खाद्यातल्या मक्यासाठी सल्ल्याच्या मर्यादा दिल्या आहेत. मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या मक्यात किलोला १०० मिलिग्रॅम फ्युमोनिसिनपर्यंत चालतं, दुभत्या गाईंच्या मक्यात ३०, आणि घोडे-गाढवांच्या मक्यात फक्त ५. तेही असा मका एकूण खाण्याच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर. आपल्याकडची गाढवीण साधारण १२० किलोची. दिवसाला सव्वादोन-अडीच किलो सुकी वैरण आणि खाद्य धरलं तर त्यात मका अर्ध्या किलोच्या आतच हवा. तुम्ही किलोभर भरडा घालत होता. म्हणून "हाच मका शेजारच्या म्हशी खातात, त्यांना काही झालं नाही" यावर विसंबू नका. म्हशीचं पोट वेगळं, यकृत वेगळं, सोसण्याची ताकदही वेगळी.

काही वर्षांपूर्वी ओल्या दिवाळीनंतर मी एका वीटभट्टीवर गेलो होतो. सात गाढवं होती, त्यातलं एक विटांच्या थप्पीला कपाळ टेकवून उभं. मालक म्हणाला, "थकलंय, काल चार खेपा जास्त झाल्या." मी समोरून टाळी वाजवली तर कान हलले, पण डोळ्यापुढे हात नेला तरी पापणी मिटली नाही. त्याला दिसतच नव्हतं. तोबऱ्यात हात घातला तर तळाशी मक्याचं पीठ आणि तुकडे. ओले नव्हते, पण जुन्या गोधडीसारखा कुबट वास. रात्री ते गाढव आडवं झालं, पाय झाडत राहिलं आणि पहाटे गेलं. रेबीजची तपासणी नकारात्मक आली. पशुवैद्यक महाविद्यालयात कवटी उघडली तेव्हा एका बाजूचा पांढरा भाग पिवळसर, पाणी सुटलेल्या खरवसासारखा झाला होता. त्या मालकाने मका त्याच दिवशी बंद केला होता, तरीही सहाव्या दिवशी दुसरं गाढव झोकांड्या खायला लागलं. आधी पोटात गेलेल्या विषाचा परिणाम खाद्य बंद केल्यावरही काही दिवस दिसू शकतो. म्हणून तुमच्या उरलेल्या आठ जणींकडे पुढचे दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ नीट बघा: समोरून चालवून आणा, दोन्ही बाजूंना वळवा, ओठ सरळ आहे का, घास तोंडातच राहतोय का, डोळ्याच्या आतली कड पिवळी दिसतेय का. पिवळी असेल तर यकृताला मार बसला आहे. काही जनावरांत मेंदूपेक्षा यकृतच आधी जातं.

बसलेल्या गाढविणीबद्दल खोटी आशा दाखवत नाही. या विषावर उतारा नाही. पशुवैद्यक सलाईन, सूज कमी करणारी औषधं, जीवनसत्त्व ब-१ देऊन बघतात, पण मेंदूची लक्षणं दिसलेली जनावरं बहुतेक दोन-तीन दिवसांत जातात. तिच्याखाली भरपूर भुसा टाका, सावलीत शांत ठेवा, काही तासांनी कूस बदला. कूस बदलताना पाठीच्या बाजूने उभे राहा, कारण झटका आला की पाय जोरात लागतो. ती तडफडत असेल तर शांतपणे संपवण्याचा निर्णय तुमच्या पशुवैद्यकाशी बोलून घ्या. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

वैरण टाकलेल्या दोघी मात्र वाचवता येतील, आणि इथे घाई करायला हवी. गाढव दुखणं दाखवत नाही. घोडा लोळतो, घाम गाळतो, गाढव नुसतं मान खाली घालून उभं राहतं आणि आपण म्हणतो, "आज जरा मलूल आहे." पण गाढवाने दोन दिवस खाल्लं नाही, त्यातून ते गाभण, दूध देणारं किंवा अंगाने भरलेलं असेल, तर शरीरातली चरबी सुटून रक्तात उतरते आणि यकृत बंद पाडते. मूळ कारण बुरशी असो, दात असो की जंत असोत, गाढव मरतं ते पुष्कळदा या चरबीने. तुमच्या डॉक्टरांना सांगा की रक्त काढून काचेच्या नळीत तासभर उभं ठेवा. वर येणारं पाणी पिवळं, पारदर्शक हवं. ते ताकासारखं गढूळ दिसलं तर चरबी सुटली आहे. मग ग्लुकोजची सलाईन, नाकातून नळीने पातळ अन्न, हे त्याच दिवशी सुरू व्हायला लागतं. तोवर कोवळं हिरवं गवत, गाजराचे लांब काप, गुळाचं पाणी शिंपडलेला कोंडा, जे काही ती तोंडात घेईल ते हाताने भरवा. तिच्या जोडीची गाढवीण शेजारीच बांधा. जोडी तोडली की उपाशी राहणारी गाढवं मी बघितली आहेत.

आता दुधाकडे येतो. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. तुम्ही लिहिलंय की आजारी तिघींचं दूध फेकलं, ठीक असलेल्यांचं देतो. हा हिशेब बुरशीच्या बाबतीत लागू पडत नाही. फ्युमोनिसिन गाढवाला मारतं, पण दुधात फारच थोडं उतरतं. दुधात उतरतं ते दुसरं विष, अफलाटॉक्सिन, आणि ते देणारी गाढवीण दिसायला ठणठणीत असू शकते. तुमच्या दावणीवर त्याचा मुख्य संशय मी शेंगदाणा पेंडीवर घेईन, मग मक्यावर.

अफलाटॉक्सिन ॲस्परजिलस या पिवळ्या-हिरव्या बुरशीपासून होतं. शेंगदाणा, सरकी, मका, खोबरं ही तिची आवडती ठिकाणं. मराठवाडा-सोलापूर पट्ट्यात शेंग भरायच्या वेळी पावसाने ओढ दिली की बुरशी जमिनीतच शेंगेत शिरते, आणि काढणीला पाऊस आला की वाढते. निवडलेले चांगले दाणे माणसांसाठी जातात, सुरकुतलेले, काळपट, किडके दाणे घाण्यावर. तेलात फारसं विष जात नाही, ते पेंडीत उरतं. म्हणजे सगळ्यात वाईट दाण्यांचं विष सगळ्यात घट्ट स्वरूपात दावणीत येतं. सरकीच्या ढेपेचीही तीच गत. गाढविणीच्या यकृतात या विषाचं, म्हणजे अफलाटॉक्सिन ब-१ चं (जीवनसत्त्व ब-१ वेगळं), रूप बदलून अफलाटॉक्सिन एम-१ होतं आणि ते दुधात येतं. गाईंवरच्या अभ्यासात खाल्ल्यापासून १२ ते २४ तासांत ते दुधात दिसतं, रोज खाल्लं तर टिकून राहतं आणि खाद्य बदलल्यावर तीन-चार दिवसांत ओसरतं.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून गाईचा ढोबळ हिशेब लावतो: खाल्लेल्या विषातलं साधारण एक टक्का दुधात उतरतं. पेंडीत किलोला २०० मायक्रोग्रॅम ब-१ आहे आणि गाढविणीने ३०० ग्रॅम पेंड खाल्ली, तर पोटात गेलं ६० मायक्रोग्रॅम, दुधात आलं ०.६. ती दिवसाला लिटरभर दूध देत असेल तर लिटरमागे ०.६ मायक्रोग्रॅम झालं. भारतात दुधातल्या एम-१ ची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ती ओलांडली. तीच पेंड किलोला २० मायक्रोग्रॅमची असती, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने पशुखाद्याला घालून दिलेल्या मर्यादेतली, तर दुधात ०.०६ आलं असतं. दहापट फरक नुसत्या पेंडीच्या दर्जाने पडतो. बाळांच्या बाबतीत युरोप याहून कडक आहे. तिथे सर्वसाधारण दुधाला ०.०५ आणि बाळाच्या डब्याच्या दुधाला ०.०२५ इतकीच मुभा आहे, कारण बाळाचं वजन कमी आणि त्याचं मुख्य खाणं तेच.

उकळल्याने जंतू मरतात. एम-१ मरत नाही, उडून जात नाही, नासत नाही. पाणी आटलं तर उलट घट्ट होतं. साबणवाला किंवा पावडरवाला दूध वाळवून ठेवत असेल तर लक्षात घ्या, गाढविणीच्या दुधात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. किलोभर पावडरीला दहा लिटर दूध लागतं आणि त्या दहा लिटरांतलं सगळं विष त्या किलोत येतं. या विषाचा मुख्य मार्ग तोंडावाटे आहे, त्यामुळे साबणापेक्षा मला पावडरीची काळजी जास्त वाटते. पावडर उद्या कोणाच्या पेल्यात जाईल सांगता येत नाही.

आणि ती तीन बाळं. आपल्याकडे "गाढविणीचं दूध पाजलं की बाळाला सर्दी-खोकला होत नाही" असं म्हणत दारोदार चमचा-चमचा दूध विकलं जातं, धार तिथेच काढतात, कच्चंच पाजतात. या दुधात दुग्धशर्करा आईच्या दुधाच्या जवळपास असते आणि जंतूंशी लढणारं लायसोझाइम भरपूर असतं, हे खरं आहे. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना इटलीत ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतातही. पण त्यात चरबी फारच कमी असते, त्यामुळे एकट्या त्या दुधावर बाळाचं पोट भागत नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूधच हवं. या तीन घरांना तुम्ही स्वतः जाऊन आज सांगा की जनावरं आजारी आहेत, दूध बंद आहे, बाळाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. एक-दोन चमच्यांनी बाळाला लगेच काही होतं असं नाही, घाबरवू नका. अफलाटॉक्सिनचा धोका बहुतेक साठत जाणारा, यकृताचा असतो. पण मोठा डोस गेला तर काय होतं तेही आपल्या देशाने बघितलंय. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन १०० हून जास्त माणसं यकृताच्या आजाराने गेली, आणि त्याच घरांतली कुत्रीही.

"मका उन्हात वाळवला, बुरशी झटकली, आता स्वच्छ दिसतोय" असंही तुम्ही लिहिलंय. वाळवल्याने बुरशी वाढायची थांबते. तिने आधी केलेलं विष दाण्यात तसंच राहतं. उलट, वर बुरशी दिसणाऱ्या प्रत्येक दाण्यात विष असतंच असंही नाही. डोळ्यांनी ठरवता येत नाही, पण डोळ्यांनी धोका कमी करता येतो. फ्युमोनिसिन फुटक्या दाण्यांत आणि चुऱ्यात जास्त असतं, म्हणून पुढच्या वेळी मका चाळणीने चाळा, चुरा फेका आणि भरडा लागेल तेवढाच, आठवड्यापुरता काढा. तयार भरडा विकत घेऊ नका, त्यात काय दळलंय ते कळत नाही. कोंबड्यांचं खाद्य स्वस्त म्हणून तर कधीच घालू नका. त्यातलं मोनेन्सिनसारखं औषध घोड्या-गाढवाच्या हृदयाला घातक असतं.

ओल बघायला घरगुती युक्ती आहे. काचेची कोरडी बाटली घ्या, कोरडं मीठ दोन-तीन चमचे, बाटली पाव भरेल इतका मका, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि जरा थांबा. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे, पोत्यात भरू नका. पोती जमिनीवर आणि भिंतीला लावून ठेवू नका, लाकडी फळ्यांवर ठेवा. प्लास्टिकच्या गोणीत ओलसर माल कोंडला की आत घाम सुटतो. ज्वारीच्या कडब्याची गंजी वरून झाका, पण कडेने वारा लागू द्या, आणि खालचा काळा पडलेला थर जनावराला घालू नका. खरं सांगायचं तर तुमच्या गाढविणींना इतका मका लागतच नाही. चांगला कडबा, वाळलं गवत, थोडा हिरवा चारा, दुभतीला हरभऱ्याची चांगली चुणी आणि खनिज मिश्रण एवढ्यावर त्या नीट राहतात. दूध वाढावं म्हणून भरडा वाढवला तर अंगावर चरबी चढते, आणि ती चरबी पुढे काय करते ते वर सांगितलंच.

खाद्यात मिसळायची "टॉक्सिन बाइंडर" पावडर विचारली होती. बेंटोनाइटसारख्या मातीची पावडर अफलाटॉक्सिन बऱ्यापैकी धरून ठेवते, फ्युमोनिसिन मात्र धरत नाही. त्यामुळे ती घालून हा मका वापरता येईल असं मनात आणू नका. हा मका दुभत्या गाई-म्हशींना देऊ नका, विकू नका. उकिरड्यावरही टाकू नका, मोकाट गाढवं तिथेच चरतात. तपासणीचा नमुना काढून झाला की तोंडाला फडकं बांधून शेतात खोल पुरा.

नमुना असा काढा. विष सगळ्या पोत्यात सारखं नसतं, एखाद्या कोपऱ्यातच असतं. म्हणून प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ मूठ घ्या, सगळं एकत्र ढवळा आणि त्यातला दोन किलो कागदी पिशवीत भरा. प्लास्टिकमध्ये भरलं तर वाटेतच बुरशी वाढते. पेंडीचं वेगळं पाकीट करा. पाकिटावर "मका: फ्युमोनिसिन व अफलाटॉक्सिन" आणि "पेंड: अफलाटॉक्सिन" असं लिहून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे द्या. पेंड बंद केल्यावर दूध लगेच न तपासता आठवड्याने तपासा, प्रत्येक गाढविणीचं थोडं थोडं एकत्र करून, बर्फात ठेवून पाठवा, आणि एम-१ ची चाचणी गाढविणीच्या दुधावर करता येते का हे आधी फोनवर विचारा, कारण झटपट पट्ट्या गाईच्या दुधासाठी बनवलेल्या असतात. अहवाल येईपर्यंत दूध शिंगरांना पिऊ द्या, त्यांचं तेच अन्न आहे. फक्त आजारी तिघींची शिंगरं वेगळी करा, त्यांना हात लावताना हातमोजे घाला आणि त्यांच्या दुधाची वेगळी सोय पशुवैद्यकाला विचारून करा.

बसलेली गाढवीण गेली तर तिला पुरण्याआधी शिरवळ, उदगीर किंवा परभणी, जे पशुवैद्यक महाविद्यालय जवळ पडेल तिथे फोन करा. "मेंदूची लक्षणं होती, रेबीज वगळायचाय आणि फ्युमोनिसिनचा संशय आहे" हे तिन्ही शब्द सांगा. मग ते मेंदूचा नमुना दोन्ही तपासण्यांसाठी घेतील. डोकं स्वतः उघडू नका, कोणाला कातडं काढू देऊ नका, आणि गाडीत चढवताना तोंडाला जाड पोतं गुंडाळा.